‘गेले’ की ‘जायचे’?

अगं, तुझा निरोप वाचला. रात्री साडेअकराला लिहिलेला, तीन रडक्या चेहऱ्यांसकट. ‘ताई, वर्तमानकाळापर्यंत सगळं छान चाललं होतं. आता स्पॅनिशचे हे दोन-दोन भूतकाळ आलेत आणि डोकंच चालेना. सोडून देऊ का?’ खरं सांगू का, मला आधी हसूच आलं. तुला नाही गं हसले, स्वतःला हसले. बरोबर याच वळणावर मीही वही मिटली होती. चांगले चार महिने ती कपाटात तांदळाच्या डब्यामागे पडून होती, आणि तांदूळ संपले तेव्हा सापडली.

तेव्हा आधी चहा टाक. मांडव्याच्या बोटीत बसून वाचत असशील तर खिडकीची जागा धर आणि निवांत वाच. वही मिटायची नाही, एवढंच आत्ता ठरवू.

माझी फजिती ऐक, म्हणजे तुला बरं वाटेल. शिकायला लागले तेव्हा बाईंनी वर्गात विचारलं, घरी कोण कोण असतं? मी ऐटीत सांगायला गेले की आजी आहे, आजोबा मागच्या वर्षी वारले. ‘वारले’साठी मी ठोकून दिलं, ‘से मोरीआ’. बाईंचा चेहरा गंभीर झाला. थोडं थांबून त्यांनी हळूच विचारलं, ‘मग? वाचले का?’ मी त्यांना सांगितलं होतं की आजोबा मरणाच्या दारात होते, आणि गोष्ट तिथेच दारात सोडून दिली होती! म्हणायला हवं होतं ‘मुरिओ’. वारले, संपलं.

मग मी शहाणी झाले आणि पुढच्या आठवड्यात सगळीकडे ‘संपलं’वालं रूप लावत सुटले. लहानपणी आम्ही मासे खायचो, हे सांगायला म्हटलं ‘कोमी पेस्कादो’. बाईंनी विचारलं, ‘एकदाच? का गं, काटा अडकला होता का?’ ‘कोमी’ म्हणजे खाल्ले. ‘कोमीआ’ म्हणजे खायचे. एका ‘आ’ने माझं सगळं बालपण एका जेवणात आटपलं होतं.

आता नीट बघ. ‘वारले’ आणि ‘मरणाच्या दारात होते’. ‘खाल्ले’ आणि ‘खायचे’. यात तुला न कळण्यासारखं काही आहे का? फरक तू आयुष्यभर करत आली आहेस. मग अडतंय कुठे? तर तुझं पुस्तक इंग्रजीतून आहे, तिथे अडतंय. इंग्रजीत खाल्लं तरी तेच आणि खायचे तरी बहुतेक वेळा तेच, साधा भूतकाळ. तू मराठीतला विचार आधी इंग्रजीत ओततेस, तिथे दोन्हींचा गोळा होतो, आणि मग त्या गोळ्यातून स्पॅनिशसाठी पुन्हा दोन वेगळे काढायला बसतेस. डाळ-तांदूळ एकत्र शिजवून खिचडी केल्यावर त्यातली डाळ निवडत बसायचं, तसलं काम आहे ते. मधलं पातेलंच काढून टाक. मराठीतून सरळ स्पॅनिशमध्ये ये.

शाळेत रीतिभूतकाळ होता, आठवतोय? ‘मी शाळेत जात असे.’ पाच मार्कांसाठी घोकला आणि विसरलो. पण बोलताना तोच ‘जायचे’, ‘करायचे’ होऊन आपल्या तोंडात दिवसभर असतो. स्पॅनिशचा इम्पेर्फेक्तो म्हणजे आपला हा रीतिभूतकाळ आणि ‘जात होते’वाला अपूर्ण भूतकाळ, दोघांचं एकत्र कुटुंब. ‘जायचे’ला ‘इबा’ आणि ‘जात होते’लाही ‘इबा’. आणि इंदेफिनिदो म्हणजे आपलं साधं ‘गेले’. त्याला ‘फुई’.

नियम पाठ करण्यापेक्षा मी एक चित्र डोळ्यांसमोर ठेवते. आपल्या अष्टागरातल्या जुन्या वाड्यांमध्ये रहाट असायचे ना? आता विहिरीवर पंप बसलेत, पण माझ्या आजीच्या वाडीतला रहाट मला अजून ऐकू येतो. बैल फिरायचा, रहाट कुरकुरायचा, गाडग्यांची माळ खाली जायची, वर यायची. कधी सुरू झाला, कधी थांबला, याच्याशी आपल्याला कर्तव्य नसायचं. तो आपला चालू असायचा. आणि त्यातलं एकेक गाडगं वर येऊन पन्हळीत रितं व्हायचं. भसकन. झालं. मग पुढचं. बघ, फिरणारा रहाट म्हणजे इम्पेर्फेक्तो. रितं झालेलं गाडगं म्हणजे इंदेफिनिदो. गोष्ट सांगताना पाणी पुढे जातं ते गाडग्यांमुळे, पण रहाट फिरत नसेल तर गाडगी येणार कुठून?

हे माझंच शहाणपण आहे असं समजू नकोस हं. आंद्रेस बेल्यो म्हणून एक मोठा व्याकरणकार होऊन गेला, जन्माने व्हेनेझुएलाचा, पुढे चिलीत स्थिरावलेला. त्याने १८४७ मध्ये अमेरिका खंडातल्या स्पॅनिशभाषकांसाठी व्याकरण लिहिलं. त्यात इम्पेर्फेक्तोला त्याने नाव दिलं ‘कोप्रेतेरितो’. म्हणजे सोबतीचा भूतकाळ. दुसरं काहीतरी घडलं तेव्हा जे बरोबरीने चालू होतं, ते. मेक्सिकोतली पोरं शाळेत अजून हेच नाव शिकतात. मला ‘अपूर्ण’पेक्षा हे ‘सोबतीचा’ फार आवडतं. अपूर्ण म्हटलं की वाटतं काहीतरी राहिलंय, आपलंच चुकलंय.

आणि लहानपणीच्या गोष्टी आठव. आटपाट नगर होतं, तिथे राजा होता, राजाला दोन राण्या होत्या, एक आवडती नि एक नावडती. इथपर्यंत रहाट. मग आजी आवाज बदलायची आणि म्हणायची, ‘एके दिवशी काय झालं...’ आणि गाडगी रिती व्हायला लागायची. राजा निघाला, साधू भेटला, शाप दिला. स्पॅनिश आजीही असंच सांगते गं! ती सुरुवात करते ‘आबीआ उना बेस’ अशी, म्हणजे ‘एकदा होतं’. तो इम्पेर्फेक्तो. आणि ‘उन दीआ’, एके दिवशी, म्हटलं की लगेच इंदेफिनिदो. हे ज्या पोरीने आजीच्या मांडीवर ऐकलं, तिला दोन भूतकाळ जमत नाहीत असं मला कुणी सांगू नये.

आता तू म्हणशील, ताई, इतकं सोपं असतं तर तू चार महिने वही का लपवली होतीस? बरोबर आहे. मराठी नव्वद पावलं हात धरून नेते आणि मग तीन-चार ठिकाणी पाय ओढते. मी त्या प्रत्येक ठिकाणी पडले आहे, तेव्हा तू बघून चाल.

पहिला खड्डा म्हणजे आपलं ‘गेले होते’. आपल्याला याची फार सवय. ‘काल मी अलिबागला गेले होते, पांढरा कांदा आणला.’ या ‘होते’ला बघून मी ‘इबा’ लिहायचे. चूक! ते जाणं झालं, परतही आले, कांदा पाट्यावर पोचला. तिथे सरळ ‘फुई’ हवं. तेव्हा नुसत्या ‘होते’ला भुलू नकोस, त्याच्या आधी काय आहे ते बघ. ‘जात होते’ असेल तर रहाट. ‘गेले होते’ असेल तर बहुतेक वेळा गाडगं. ‘ती आली तोवर मी गेले होते’ असं आधीच्याही आधीचं सांगायचं असेल, तर त्याला ‘आबीआ इदो’ असं वेगळं रूप आहे, ते पुढच्या महिन्यात शिक, आत्ता डोक्याला ताप नको. आणि ‘मी जाणार होते’ला ‘इबा आ इर’. ठरवलेलं, पण अजून गाडगं रितं झालेलं नाही, म्हणून रहाटच.

यालाही एक पोटखड्डा आहे. ‘आजी पायरीवर बसली होती.’ ‘ती नऊवारी नेसली होती.’ इथे ‘बसली होती’ असलं तरी बसण्याची क्रिया आपण सांगत नाही आहोत. ती बसलेल्या अवस्थेत होती, नेसलेली होती, हे सांगतोय. म्हणून ‘एस्ताबा सेन्तादा’, ‘येबाबा’. रहाट. अवस्था आणि वर्णन नेहमी रहाटात घाल. वय आणि वेळही तिथेच. ‘मी दहा वर्षांची होते’ला ‘तेनीआ’, ‘सहा वाजले होते’ला ‘एरान लास सेइस’. ‘वाजले’ बघून फसू नकोस, मी फसले होते.

दुसरा खड्डा ‘होता’चा. स्पॅनिशमध्ये ‘एरा’ही होता आणि ‘फुए’ही होता, मग कुठला? याचं उत्तर मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही, एका लग्नात मिळालं. हळदीकुंकवाच्या तबकाजवळ दोघी बायका बोलत होत्या. एक म्हणाली, ‘मांडव छान होता.’ दुसरी म्हणाली, ‘लग्न छान झालं.’ मी तिथल्या तिथे मनात टुणकन उडी मारली! ‘छान होता’ म्हणजे ‘एरा’, दिसायला कसा होता त्याचं वर्णन. ‘छान झालं’ म्हणजे ‘फुए’, सुरू झालं, संपलं, आता त्यावर शेरा. तेव्हापासून मी ‘होता’ लिहिण्याआधी एकदा ‘झाला’ घालून बघते. बसला तर ‘फुए’. दहापैकी आठ वेळा काम होतं. उरलेल्या दोन वेळा मी अजून चुकते, आणि मला कुणी तुरुंगात टाकलेलं नाही.

तिसरा खड्डा सगळ्यात खोल. मोजलेला काळ. यासाठी तुला आपल्याच भागातली गोष्ट सांगते. चौल-रेवदंडा पोर्तुगिजांकडे होतं, हे तुला माहीत आहे. पण १५८० मध्ये पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे गेली आणि १६४० पर्यंत त्या घराण्याकडे राहिली. म्हणजे साठ वर्षं आपल्या चौलच्या पोर्तुगीज कोटाचा धनी स्पेनचा राजा होता. आहे की नाही गंमत? आता हे स्पॅनिशमध्ये सांग. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘साठ वर्षं स्पेनचे राजे राज्य करत होते.’ ‘करत होते’ दिसलं म्हणून तू रहाट लावशील. पण स्पॅनिश माणूस म्हणतो ‘गोबेर्नारोन’, गाडगं! साठ वर्षं चाललेलं असेना का, आपण त्याला दोन्ही टोकांना दोरी बांधली, मोजलं, गाठोडं केलं. मोजलं की ते संपलं. तसंच ‘मी पुण्यात तीन वर्षं राहत होते’ला ‘बिबी त्रेस आन्योस’. पण ‘मी पुण्यात राहत होते तेव्हा तिची ओळख झाली’ यात पुण्याचं राहणं ‘बिबीआ’. वर्षं मोजलेली नाहीत, ती मागे पडदा होऊन उभी आहेत. वेळ किती लांब याचा काही संबंध नाही बघ. टोकं दाखवलीस का, एवढंच विचार.

चौथा खड्डा नाही, उलट बक्षीस आहे. स्पॅनिशमध्ये काही क्रियापदं भूतकाळ बदलला की अर्थच बदलतात, म्हणून पुस्तकात लाल चौकटीत घाबरवून ठेवलेली असतात. ‘साबीआ’ म्हणजे माहीत होतं, ‘सुपे’ म्हणजे कळलं. ‘कोनोसीआ’ म्हणजे ओळखत होते, ‘कोनोसी’ म्हणजे ओळख झाली. ‘पोदीआ’ म्हणजे जमत होतं, जमण्यासारखं होतं. ‘पुदे’ म्हणजे जमलं. ‘नो केरीआ’ म्हणजे नको होतं, मन नव्हतं. ‘नो किसे’ म्हणजे नाही म्हटलं. मराठीत या जोड्यांना बऱ्याचदा शब्दच वेगळे आहेत गं! इंग्रजीतून शिकणाऱ्यांनी घाम गाळावा, तू कशाला? फक्त ‘नो किसे’ जपून वापर. मी एका घरी जेवायला गेले होते आणि ‘पोट भरलं होतं, म्हणून नको होतं’ असं सांगायच्या ऐवजी ठणकावून ‘नो किसे’ म्हणून आले. यजमानीणबाईंना वाटलं, मी त्यांच्या हातचं खायला नकार दिला. नंतर दोनदा वाढून घेतलं तेव्हा कुठे समेट झाला.

चल, आता एक गोष्ट करून बघू. थंडीतली पोपटी घेऊ, म्हणजे तोंडाला पाणी सुटून अभ्यास होईल.

‘डिसेंबर होता, थंडी होती, मी दहा वर्षांची होते.’ तिन्ही रहाट. ‘आसीआ फ्रीओ’, ‘तेनीआ दिएस आन्योस’. ‘आजी बाजेवर बसली होती, काका काटक्या गोळा करत होते, आम्ही पोरं भांबुर्डीचा पाला आणत होतो.’ अजून रहाटच, कारण अजून गोष्ट सुरूच झालेली नाही, नुसती माणसं जागेवर बसवतोय. आता बघ. ‘काकूने मडक्यात पाला घातला, वालाच्या शेंगा भरल्या, मीठ-ओवा टाकला, वर पुन्हा पाल्याने तोंड बंद केलं. काकांनी मडकं उलटं ठेवलं आणि जाळ लावला.’ घातला, भरल्या, टाकला, केलं, ठेवलं, लावला. सहा गाडगी, एकामागून एक. ‘पुसो’, ‘एन्सेन्दिओ’. पाणी कसं धावतंय!

‘आम्ही वाट बघत होतो.’ इथे दम घेतला, रहाट. ‘एस्पेराबामोस’. पण मी म्हटलं, ‘आम्ही अर्धा तास वाट बघितली,’ तर टोकं आली, गाडगं झालं, ‘एस्पेरामोस मेदिया ओरा’. तीच वाट, तीच भूक, पण सांगणं वेगळं. मग काकूने मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारले, चर्र झालं, म्हणजे पोपटी झाली. मला धीर कुठला! सगळे हसत होते, तेवढ्यात मी काठीने मडकं ओढलं आणि ते फुटलं. ‘हसत होते’ रहाट, ‘ओढलं’ आणि ‘फुटलं’ गाडगी. ‘से रोम्पिओ’. अर्ध्या शेंगा राखेत. या गोष्टीवरून मला घरी अजून चिडवतात, पण इंदेफिनिदो मात्र कायमचा लक्षात राहिला.

आणि हेही ऐकून ठेव, म्हणजे वाक्यागणिक छातीत धडधडणार नाही. पुष्कळ वेळा दोन्ही बरोबर असतात. ‘काल पाऊस पडला’ला ‘योबिओ’, ‘काल पाऊस पडत होता’ला ‘योबीआ’. पहिल्यात बातमी आहे, दुसऱ्यात ऐकणारा विचारणार, ‘मग, पावसात काय झालं?’ तुला काय सांगायचंय ते तू ठरवायचं. परीक्षेतला गाळलेल्या जागांचा कागद तुला घाबरवतो, कारण तिथे सांगणारी तू नसतेस. स्वतःची गोष्ट सांगताना हात आपोआप योग्य रूपाकडे जातो.

आता तू म्हणशील, हे सगळं ठीक, पण रूपं किती! तीही मोजू. इम्पेर्फेक्तो म्हणजे गरीब गाय आहे. ‘आर’वाल्यांना ‘आबा’, बाकीच्यांना ‘ईआ’. आब्लाबा, कोमीआ, बिबीआ. अख्ख्या भाषेत वाकडी फक्त तीन, ‘सेर’चं ‘एरा’, ‘इर’चं ‘इबा’ आणि ‘बेर’चं ‘बेईआ’. एका संध्याकाळचं काम. खट्याळ आहे तो इंदेफिनिदो. तुबे, एस्तुबे, पुदे, पुसे, सुपे, बिने, इसे, किसे, दिखे, त्राखे. पण जोराने म्हणून बघ, पाढ्यासारखी चाल लागते. मी भांडी घासताना म्हणायचे. शेजारच्या काकूंना वाटायचं, मी कसलातरी मंत्र घेतलाय. आणि ‘फुई’ म्हणजे गेलेही आणि होतेही, दोघांना एकच. एक रूप फुकट मिळालं म्हण आणि पुढे चल. ‘ए कोमीदो’ असा आणखी एक प्रकार तुला स्पेनच्या धड्यांत भेटेल, आज, आत्ता जेवले अशासाठी. लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तिथेही ‘कोमी’ने भागवतात. त्याला आत्ता दाराबाहेरच बसव.

शेवटी एक सांगते, आणि हे खास तुझ्यासाठी जपून ठेवलं होतं. रेवदंड्याचा पूल ओलांडून पलीकडे कोर्लईला कधी गेली आहेस का? किल्ला बघायला गेली असशील, पण गावात थांबली नसशील. पोर्तुगीज १७४० मध्ये चौल सोडून गेले. मराठ्यांचं राज्य आलं, मग इंग्रज आले, गेले. आणि कोर्लईच्या ख्रिश्चन वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली भाषा आजही घरात बोलली जाते. तिला ते लोक ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. बोलणारे साधारण हजारभर. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये तिच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं.

पोर्तुगीज म्हणजे स्पॅनिशची बहीण, तिच्यातही हेच दोन भूतकाळ आहेत, तितक्याच रूपांसकट. आता बघ, शाळा नाही, पुस्तक नाही, व्याकरणाची बाई नाही, अशा शेतकरी-मजूर माणसांनी त्याचं काय केलं असेल? मी, तू, तो, आम्ही यांची वेगवेगळी शेपटं त्यांनी सरळ टाकून दिली. गायलं म्हणायला सगळ्यांना एकच, ‘कातो’. पण गात होतं म्हणायला? तिथे ‘ती कातान’. ‘ती’ म्हणजे होतं, ‘कातान’ म्हणजे गात. अगदी आपल्या ‘गात होतं’सारखं, फक्त ‘होतं’ आधी. म्हणजे त्यांनी शेपटं फेकली, पण फरक फेकला नाही. गाडगं वेगळं, रहाट वेगळा. तो फरक माणसाला गोष्ट सांगायला लागतोच, म्हणून तो राहिला.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खूप वेळ ओट्याशी तशीच उभी होते, आमटी उतू जाईपर्यंत. आपल्यापासून एका खाडीच्या अंतरावर कोणीतरी हे सगळं कधीच सोडवून ठेवलंय आणि मी नागावात बसून इंग्रजी पुस्तकातल्या चौकटी पाठ करत होते!

तर आता काय करायचं ते ऐक, आणि वाद घालू नकोस. चौकटी आठवडाभर बंद. रोज रात्री पाच ओळी लिहायच्या, दिवसभरात घडलेल्या किंवा लहानपणच्या. आधी मराठीत लिही. मग ज्या ज्या ठिकाणी ‘-त होते’, ‘-यचे’ आहे तिथे छोटा गोल काढ, आणि ‘-ले’, ‘-ली’ला फुली मार. मग खड्ड्यांपाशी थांब. गेले होते? बसली होती? होता की झाला? टोकं मोजलीत का? एवढे चार प्रश्न. मग स्पॅनिशमध्ये उतरव. रूप आठवलं नाही तर जागा मोकळी सोड, पण गोल की फुली ते मात्र ठरव. रूप कोशात मिळतं, गोल-फुली तुलाच ठरवावी लागते.

पहिले चार दिवस वही लाल होईल. होऊ दे. माझी अजून होते. आजोबांना मी वर्गात अर्धवट जिवंत ठेवलं होतं, त्यापेक्षा मोठी चूक तुझ्या हातून होणार नाही, याची मी खात्री देते. आज रात्री झोपण्याआधी पहिल्या पाच ओळी मला पाठव. सुरुवात मीच करून देते, ‘आबीआ उना बेस’. पुढचं तू लिही, आणि चुकलं तरी खोडू नकोस, मला तसंच बघायचंय.